पहिले दहा दिवस

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्यांच्या घरी नुकतेच बाळ आले आहे अशा कोणाकडेही जा, काळजीचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. बाळ सारखे रडते, त्याचे पोट भरत नसेल का? पहिले दूध पिवळसर आणि चिकट येते, ते पाजावे की पिळून टाकावे? बेंबी अजून वाळली नाही, तिला काय लावू? अंग पिवळे दिसते, उन्हात धरू का? गुटी कधी सुरू करायची? उत्तरे देणारेही ठरलेले असतात. गावाहून आलेली आजी, आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी, शेजारच्या काकू, डॉक्टर आणि आता हातातला मोबाईल. पाच जणांची पाच उत्तरे ऐकून आई-वडील आणखी गोंधळतात.

या प्रश्नांची उत्तरे माणसाला कशी सापडत गेली, हा विज्ञानाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत दुर्बीण येते, वाफेचे इंजिन येते. बाळाची बेंबी मात्र येत नाही. पण जगात आजवर जन्मलेल्या माणसांपैकी फार मोठा हिस्सा पहिल्या महिन्यातच मरण पावला आहे, आणि ही स्थिती बदलली ती गेल्या दीडशे वर्षांत. या बदलाची एक खूण आपल्या कल्याणातच सापडते.

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी कुटुंबात एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही रुखरुख तिच्या मनातून गेली नाही.

यापुढची हकीगत बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, कारण येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे जात नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ या संस्थेतून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरले होते. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वाढदिवसाला महिनाभर उरला असता, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपण त्यांच्याकडे ‘पहिली स्त्री-डॉक्टर’ म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय सहसा सांगितला जात नाही. तो विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकेत शिकलेले वैद्यक, दोन्ही समोर ठेवून त्यांनी तो लिहिला. म्हणजे आजी एक सांगते आणि डॉक्टर दुसरे सांगतात, हा आजच्या डोंबिवलीतला पेच वीस वर्षांच्या या मुलीने अभ्यासाचा विषय केला होता.

चोपन्न किलोमीटर

आता थोडा हिशेब करू. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय त्याआधीच, १८४५ मध्ये, सुरू झाले होते. म्हणजे यमुनेच्या जन्माच्या वेळी कल्याणातून निघालेला माणूस त्याच दिवशी चोपन्न किलोमीटरवरच्या मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचू शकत होता. त्या महाविद्यालयात जमणारे ज्ञान मात्र कल्याणच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचत नव्हते.

ही खोली कशी असे? घरातली सर्वांत अंधारी, बाजूची. खिडकी बंद, आत शेगडी. बाळंतपणानंतर दहा दिवसांचे सोयर. त्यामुळे बाळंतिणीला आणि बाळाला कोणी उगाच शिवत नसे, आणि ते एका अर्थी बरेच होते. पण पुढे टाकूनच द्यायचे म्हणून कपडे व अंथरूणही जुनेपुराणे दिले जाई. सुईण अनुभवी असे, अडलेल्या बाळंतिणीला ती धीर देई. पण तिच्या नखांत, तिच्या विळ्यावर आणि त्या जुन्या फडक्यावर काय आहे, हे तिला दिसणे शक्य नव्हते. त्या काळी ते युरोपातल्या बहुतेक डॉक्टरांनाही दिसत नव्हते.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तेथील बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता. जूनमध्ये तो सुमारे २ टक्क्यांवर आला. तरीही त्यांचे म्हणणे सहकाऱ्यांना पटले नाही, कारण हातांवर नेमके काय असते हे ते दाखवू शकले नाहीत. ते दाखवण्याचे काम पुढच्या चाळीस वर्षांत झाले, आणि आनंदीबाईंचा शिक्षणकाळ त्यातच येतो.

सटवाईची रात्र

बाळाच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी आपल्याकडे समजूत आहे. पाचवी पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, बायका जागरण करतात. नाव ठेवायचे ते मात्र बाराव्या दिवशी. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर हे दिवस लक्ष वेधून घेतात. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसानंतर सुरू होतो आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दोन दिवस चांगले दूध ओढणारे बाळ अचानक ओढेनासे होते, त्याचा जबडा मिटतो, स्पर्श झाला की अंग ताठ होते. जगात अनेक ठिकाणी या आजाराला ‘सातव्या दिवसाचा’ किंवा ‘आठव्या दिवसाचा’ आजार असे नाव होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचे छोटे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक या ‘आठव्या दिवसाच्या आजाराने’ जात. लोक त्याला देवाची इच्छा मानत.

या आजाराचे कारण मातीत होते. १८८४ साली, आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत असताना, जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी मातीचा अंश प्राण्यांना टोचून धनुर्वात निर्माण करून दाखवला. १८८९ साली जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी तो जंतू वेगळा काढून वाढवला. हा जंतू प्राणवायू असेल तेथे वाढत नाही. तो बीजाणूच्या रूपात मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे पडून राहतो. बाळाची नाळ कापल्यावर उरलेला तुकडा म्हणजे रक्तपुरवठा थांबलेली, मरत चाललेली पेशींची गोळी. आत प्राणवायू नाही, ऊब आहे, ओल आहे. मातीत वापरलेल्या विळ्याने किंवा बांबूच्या कामटीने ती कापली, वर राख किंवा शेण लावले, की बीजाणूला हवे ते सगळे मिळते. जंतू तेथेच राहतो. त्याचे विष मात्र मज्जातंतूंमधून वर सरकते आणि स्नायूंना सैल सोडणारे संदेश अडवते. म्हणून अंग धनुष्यासारखे ताठते.

कारण कळले आणि उपाय सोपा निघाला. सेंट किल्डा बेटावरचे धर्मोपदेशक अँगस फिडीस यांनी ग्लासगोला जाऊन नाळेची निर्जंतुक निगा शिकून घेतली, आणि १८९० च्या सुमारास ते मृत्यू थांबले. दुसरा उपाय लशीचा. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. तेव्हा गरोदरपणीच आईला लस टोचली तर बाळ जन्मतः सुरक्षित असेल, हे न्यू गिनीत केलेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. आपल्याकडे गरोदर स्त्रीला देतात ते ‘टी.टी.’चे, आणि अलीकडे ‘टी.डी.’चे, इंजेक्शन त्यासाठीच असते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेच.

तेव्हा ‘बेंबीला काय लावू?’ या प्रश्नाचे रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठीचे आजचे साधे उत्तर असे: काही लावू नका, कोरडी ठेवा, लंगोट तिच्या खाली बांधा. ती आपोआप गळते. भोवती लाली, पू किंवा दुर्गंधी दिसली तर मात्र डॉक्टरकडे जा.

चीक: गाईचा आणि आईचा

गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध आपण मुद्दाम मिळवतो, त्याचा खरवस करतो आणि चवीने खातो. आईचे तसेच दूध मात्र ‘बाळाला बाधेल’ म्हणून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आईचे दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर वाहू लागते असे सांगून सुरुवातीला मध-तूप चाटवायला सांगितले आहे. यात निरीक्षणाचा भाग खरा आहे. भरपूर दूध येते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. पण त्याआधी येणारा चमचा-दीड चमचा चीक हा दुधाचा अभाव नाही. पहिल्या दिवशीच्या बाळाचे जठर तेवढ्याच बेताचे असते.

चिकात काय असते हे समजण्याची वाट पॉल एर्लिख यांनी १८९२ साली दाखवली. त्यांनी विशिष्ट विषांना सरावलेल्या उंदरीणीची पिल्ले दुसरीकडे आणि दुसरीची पिल्ले हिच्याकडे पाजायला ठेवली. हिचे दूध प्यालेली पिल्ले त्या विषाला तोंड देऊ शकली. म्हणजे दुधातून अन्नाबरोबर संरक्षणही जाते. माणसाच्या चिकात प्रतिद्रव्यांचे प्रमाण फार मोठे असते आणि ती बाळाच्या आतड्याच्या आतल्या थरावर पहारा देतात. हा पहारा लवकर बसणे का महत्त्वाचे? १८८५ साली बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिक यांना तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जीवाणू सापडला. आज तो त्यांच्याच नावावरून ‘एशेरिकिया कोलाय’ म्हणून ओळखला जातो. जन्मानंतर थोड्याच काळात बाळाच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती सुरू होते. आधी कोण पोचणार, चीक की घाणेरड्या बोंडल्यातले पाणी, हा प्रश्न असतो. २००६ साली घानामधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष होता की सर्व बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतील.

मधाचे काय? १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांना होणारा बोट्युलिझम हा आजार ओळखला गेला. मधात कधीकधी या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजू शकतात. हा जंतू धनुर्वाताच्या जंतूचा सख्खा नातेवाईक आहे. म्हणून वर्षापर्यंत मध नाही. सोन्याच्या अंगठीवरून चाटवला तरी नाही.

चिकाचा दुसरा प्रतिस्पर्धी डब्यातून आला. १९२४ साली मुंबईत एच. जे. फॉस्टर अँड कंपनी नावाची कंपनी स्थापन झाली, ती ‘ग्लॅक्सो’ नावाची न्यूझीलंडहून आलेली दूधभुकटी विकण्यासाठी. हीच पुढे ग्लॅक्सो कंपनी झाली. ठाण्यात पोखरण रस्त्यावर तिचा औषधांचा मोठा कारखाना होता हे ठाणेकरांना आठवत असेल. पण या नावाची सुरुवात बाळाच्या दुधापासून झाली हे फार जणांना माहीत नसते. भुकटी स्वतः विष नव्हे. ज्या बाळाला आईच नाही त्याला ती उपयोगी पडते. पण ती कालवायला स्वच्छ पाणी, उकळलेली बाटली आणि पुरेसा पैसा लागतो. पैसा कमी पडला की भुकटी पातळ होते आणि बाळ भरल्या पोटी उपाशी राहते. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भुकटीच्या जाहिरातबाजीने होणाऱ्या बालमृत्यूंना भर सभेत खून म्हटले होते. भारतात अशा जाहिरातींवर कायद्याने बंदी आली ती १९९२ साली. त्याच्या आधी, १९८९ मध्ये, मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली होती. ज्या आयांना जास्त दूध येते त्यांचे दूध घेऊन, पाश्चरीकरण करून, ते कमी दिवसांच्या आजारी बाळांना देण्याची ती व्यवस्था आहे.

ऊब आणि पिवळेपण

बाळाचे वजन कमी, पण त्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा. म्हणून ते आपल्यापेक्षा झपाट्याने थंड होते. बटाटा अख्खा ठेवला तर उशिरा निवतो, फोडी केल्या की लवकर. वर्गात हे सहज दाखवता येते. १८८० साली पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ तार्निये यांनी कोंबडीची पिल्ले उबवण्याच्या पेटीवरून बाळांसाठी काचपेटी करवून घेतली. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. पुढे १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती नुसती अडचणीतली सोय ठरली नाही. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचा सहभाग असलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. आपली शेगडी ऊब देई, पण बंद खोलीत धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही देई. आईची छाती यातले फक्त पहिले देते.

‘उन्हात धरू का?’ या प्रश्नामागेही इतिहास आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचा उन्हात उघडा राहिलेला भाग फिका पडला आणि झाकलेला पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणले. त्यातून प्रकाशोपचार आला. १९५८ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलते आणि तो शरीराबाहेर टाकता येतो. बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी सौम्य कावीळ आपोआप जाते. पण पहिल्याच दिवशी पिवळेपण आले, ते तळहात-तळपायांपर्यंत पोचले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर गॅलरीतल्या उन्हावर विसंबून राहू नये. वाढलेले बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करते. ते मोजणे हाच मार्ग.

रडणे आणि अफूची गोळी

आता सर्वांत मोठी काळजी, रडण्याची. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करत. बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती. दहा-दहा तास बाळाला चाळीच्या खोलीत ठेवायचे तर ते झोपलेले असणे भाग होते. त्यासाठी अफू मिसळलेली ‘बाळागोळी’ मिळे. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाळाला अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भके दगावल्याची नोंद आहे. बरेच जन्म गावी होत आणि शहराच्या नोंदीत येत नसत, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे. पण तो निम्मा धरला तरी भयंकरच.

अफू पाजणारी आई अडाणी होती असे म्हणणे सोपे आहे. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या शिकलेल्या आयाही अफूचे ‘शांतवन सरबत’ पाजत होत्या, आणि १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी काढलेल्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क होता. गिरणीतल्या आईला नुसते ‘अफू देऊ नकोस’ म्हणून भागणार नव्हते. तिला घरी राहण्याची सोय हवी होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा मुंबई प्रांतात झाला. बाळाच्या आरोग्याच्या इतिहासात हा कायदा कोणत्याही लशीच्या शेजारी बसवावा, असे मला वाटते.

रडण्याचा अभ्यास पुढे बेरी ब्रेझलटन यांनी केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत निरोगी बाळांचे रडणेही दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्यात दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचते आणि मग उतरते, असे दिसले. संध्याकाळी ते जास्त असते. बाळाचे वजन वाढत असेल आणि दिवसातून सहा-सात वेळा शू होत असेल तर त्याचे पोट भरते आहे. गुटी, ग्राइप वॉटर किंवा डबा हे या रडण्यावरचे उत्तर नव्हे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको.

जुने ते सगळे टाकाऊ असाही याचा अर्थ नाही. बांगलादेशातील रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने हलके मालिश केल्यावर जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी घटला, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मावशींचा तेलाचा हात तपासणीत टिकला; टाळूवर तेल थापणे, कानात-नाकात तेल सोडणे आणि काजळ टिकले नाही.

गडचिरोलीची श्वासमाळ

आनंदीबाईंच्या वेळी ज्ञान चोपन्न किलोमीटर दूर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या खेड्यांपासून ते अजूनही दूरच होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ संस्थेमार्फत काम करताना वेगळा प्रश्न विचारला: बाळाला रुग्णालयात नेता येत नसेल, तर रुग्णालयातले ज्ञान बाळापर्यंत नेता येईल का?

त्यांनी ३९ गावांतील थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची निगा शिकवली. या आरोग्यदूतांच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, उबदार झोळी, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी फुगा आणि मोजकी औषधे होती. न्यूमोनिया ओळखण्यासाठी तर एक मण्यांचे साधन केले होते. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले तर धोका. स्टेथोस्कोप नाही, क्ष-किरण नाही. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता.

२०११ पासून ही पद्धत देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबवली जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या यादीतल्या पहिल्या दोन भेटी पाहा. सटवाईच्या रात्रीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भकमृत्यू नोंदले गेले, आणि त्यांतील ११ पहिल्या महिन्यातले होते. अंतर फार कमी झाले आहे, संपलेले नाही. डोंबिवलीच्या सातव्या मजल्यावर तर ते उलट्या प्रकारचे आहे. तेथे ज्ञान खिशात आहे, पण त्याच खिशात शंभर खोट्या सल्ल्यांखाली ते गाडलेले असते. बाळाने दूध ओढणे सोडले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास साठावर गेला, तळपाय पिवळे दिसले, तर सल्ला विचारत बसू नये, डॉक्टरकडे न्यावे. बाकी बहुतेक काळज्यांना थोडा धीर पुरतो.

शिक्षकांसाठी एक सुचवणी. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना घरच्या आजीला तीन प्रश्न विचारून यायला सांगा: तुमच्या वेळी नाळ कशाने कापत, बेंबीला काय लावत आणि पहिले तीन दिवस बाळाला काय पाजत? उत्तरे फळ्यावर मांडा. त्यावर हसू नका. प्रत्येक उत्तरापुढे ‘हे तपासायचे कसे?’ एवढेच लिहा. मग मुलांना घड्याळ लावून स्वतःचे एका मिनिटाचे श्वास मोजायला सांगा आणि तान्ह्या बाळासाठीचा साठचा आकडा शेजारी लिहा. काही वर्षांनी यांच्यापैकी अनेक जण आई-वडील होणार आहेत. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला जे कळण्यासाठी फिलाडेल्फियाला जावे लागले, त्यातले निम्मेअधिक त्यांना वर्गातच कळायला हरकत नाही.